चाचण्यांचीही निगा राखावी लागते

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता शहरातल्या लोकांचा वाटेल. संगणकाचे प्रोग्रॅम तयार करणारी मंडळी आपल्या कामाची तपासणी कशी करतात, आणि त्या तपासणीचीच वेळोवेळी डागडुजी का करावी लागते, हा तो विषय. "आम्हा केळी-कपाशीवाल्यांना याचे काय?" असे कोणी म्हणेल. पण विचार करून पाहा. सातबाराचा उतारा आज संगणकातून निघतो. पिकाची नोंद मोबाईलवरून होते. फळपीक विम्याचा अर्ज, मुलांचा दहावीचा निकाल, शिष्यवृत्ती, रेशन, या सगळ्यांच्या मागे कोठे तरी एक प्रोग्रॅम बसलेला आहे. सेवा केंद्राच्या खिडकीशी माणूस तासभर उभा राहतो आणि आतला मुलगा मान हलवून म्हणतो, "काका, सिस्टीम घेत नाही." हे शब्द ज्याने ऐकले आहेत त्याला आजचा विषय परका नाही.

दुसरेही एक कारण आहे. धुळे-जळगावकडची पुष्कळ मुलेमुली आज पुण्याला संगणकाच्या कंपन्यांत कामाला आहेत. सुटीत गावी आल्यावर घरचे वडीलधारे विचारतात, "तू तठे काय काम करस रे भाऊ?" मुलगा सांगतो, "टेस्टिंग." पुढे काय विचारावे ते वडिलांना सुचत नाही आणि काय सांगावे ते मुलाला सुचत नाही. आजच्या भाषणाने ते बोलणे चार पावले पुढे गेले तरी पुष्कळ झाले.

आधी चाचणी म्हणजे काय ते पाहू. शेतकरी पेरणीपूर्वी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांनी उघडून मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. यात तीन गोष्टी आल्या. काय घातले, काय निघायला हवे, आणि प्रत्यक्षात काय निघाले. संगणकवाले जिला 'टेस्ट केस' म्हणतात तिच्यातही याच तीन गोष्टी असतात.

शिक्षक बंधुभगिनींना ओळखीचे उदाहरण घेऊ. दहावीला एखाद्या विषयात शंभरांपैकी पस्तीस गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण. निकाल लावणारा एक लहानसा प्रोग्रॅम आहे असे समजा. त्याला ८० गुण घालून पाहिले, 'उत्तीर्ण' आले. १० घालून पाहिले, 'अनुत्तीर्ण' आले. झाली का तपासणी? नाही झाली. लिहिणाऱ्याने 'पस्तीस किंवा त्याहून जास्त' असे लिहिण्याऐवजी नुसते 'पस्तीसपेक्षा जास्त' असे लिहिले असेल, तर बरोबर पस्तीस मिळवलेले पोर नापास होईल, आणि ८० व १० या दोन चाचण्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. भांडण जसे बांधावर निघते तशी चूकही सीमेवर निघते. म्हणून ३४, ३५ आणि ३६ घालून पाहायचे. आणि गैरहजर मुलाचे काय? त्याला शून्य धरायचे की गैरहजरच ठेवायचे? तीही एक स्वतंत्र चाचणी झाली.

पूर्वी अशा चाचण्या माणसे हाताने करीत. आता बहुतेक ठिकाणी चाचणी हाच एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो यंत्राने दिवसातून कितीही वेळा चालवावा. उत्तर जुळले तर हिरवी खूण, न जुळले तर लाल. या कामाचे 'जेयुनिट' नावाचे एक प्रसिद्ध साधन केंट बेक आणि एरिक गॅमा या दोघांनी १९९७ साली लिहिले. त्याच धर्तीवर पुढे इतर संगणक-भाषांतही साधने झाली.

इतक्या वेळा तपासायचे कारण काय? कारण कामाची पद्धत बदलली. पूर्वी घराचा नकाशा एकदाच पक्का करावा तसे सगळे आधी ठरवून घेत, वर्ष-दोन वर्षे लिहीत, आणि अखेरीस तपासणी करीत. तोवर मागणाऱ्याची गरज बदललेली असे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा जाणकार एकत्र जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. थोडे थोडे काम करावे, ते चालू स्थितीत दाखवावे, वापरणाऱ्याला विचारावे, आणि बदल सांगितला तर तो आनंदाने स्वीकारावा, असा त्याचा आशय. या पद्धतीला 'ॲजाइल' म्हणजे चपळ पद्धत म्हणतात. पुष्कळ ठिकाणी दोन-दोन आठवड्यांचे हप्ते पाडून असे काम चालते.

आता बघा, दर पंधरवड्याला प्रोग्रॅमला हात लागणार, म्हणजे काल चालणारे आज बिघडले नाही ना, हे दर वेळी पाहणे आले. त्यासाठी चाचण्यांची शिदोरी हवी. ती वाढत वाढत शेकड्यांवर, हजारांवर जाते. आणि येथूनच आजच्या विषयाला खरी सुरुवात होते. कारण प्रोग्रॅम बदलत जातो, आणि त्याच्याबरोबर चाचण्या मात्र आपोआप बदलत नाहीत.

आपल्या ओळखीचे उदाहरण ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून हे ॲप राज्यभर सुरू झाले आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. १ ऑगस्ट २०२२ पासून त्याची सुधारित आवृत्ती आली. आधी मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर दोन दुय्यम पिके नोंदता येत, नव्या आवृत्तीत तीन नोंदता येऊ लागली. केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोय झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा चांगला बदल. पण चाचणी लिहिणाऱ्याच्या जागी बसून पाहा. 'तिसरे दुय्यम पीक घातले तर नाकारावे' अशी चाचणी त्याने आदल्या वर्षी लिहिलेली असेल, तर ती आता खोटी झाली. प्रोग्रॅम बरोबर आहे आणि चाचणीच त्याला चूक म्हणते. पाठ्यपुस्तक नवे आले आणि उत्तरसूची जुनीच राहिली, म्हणजे हुशार मुलाचेही गुण कापले जातात, तसे हे होते.

आता 'तीन' हा आकडा एकाच ठिकाणी लिहिलेला असेल तर पाच मिनिटांचे काम. पण तोच आकडा साठ चाचण्यांत साठ वेळा नकलून ठेवला असेल तर? मग अठ्ठावन्न ठिकाणी तो बदलला जातो आणि दोन ठिकाणी राहतो. लाल खुणा येतात. घाई असते. कोणीतरी म्हणतो, "तेवढ्या दोन बंद करून ठेवा." पुढच्या पंधरवड्यात आणखी चार बंद होतात. अशा रीतीने शिदोरीत चाचण्या दिसतात पुष्कळ, पण राखण करणाऱ्या फार थोड्या.

यावर उपाय म्हणजे फेरमांडणी. इंग्रजीत तिला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली तिच्यावर प्रबंध लिहिला आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने तो शब्द सर्वतोमुखी झाला. अर्थ नीट समजून घ्या. फेरमांडणीत आतली मांडणी सुधारायची, पण बाहेरून होणारे काम तेच राहू द्यायचे.

धुळे जिल्ह्यातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नकोच. पांझरेच्या काठची फड पद्धत शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, तेथून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाणी वाटणारा पाटकरी. हंगामापूर्वी सगळे मिळून पाटाचा गाळ काढतात, झुडपे तोडतात, फुटलेला काठ लिंपतात. त्या दिवशी कोणाची पाण्याची पाळी बदलत नाही. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात गहू, तेही बदलत नाही. पाण्याची वाट फक्त मोकळी होते. पाळी बदलायची असेल तर त्यासाठी गावाची वेगळी बैठक बसते. चाचण्यांचेही तसेच. नियम बदलला म्हणून अपेक्षित उत्तर बदलणे हे एक काम, आणि चाचण्यांची मांडणी सुधारणे हे दुसरे काम. दोन्ही एकदम करू नयेत. गाळ काढायच्या निमित्ताने कोणी पाळीही सरकवली, तर पुढे कोणाचे पाणी कोठे गेले ते शोधणे कठीण.

आता जळगावकडचे एक उदाहरण घेऊन गाळ कोठे कोठे साचतो ते पाहू. रावेर, यावल, चोपडा भागातल्या केळी बागायतदारांना हवामानावर आधारित विमा ठाऊक आहे. हवामान केंद्राने नोंदवलेल्या तापमानावरून भरपाई ठरते. समजा, नियम असा आहे: मे महिन्यात तापमान सलग पाच दिवस ४५ अंश किंवा त्याहून जास्त राहिले तर भरपाई द्यावी. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. याच्या चाचण्या कोणत्या? पाच दिवस ४५ अंश, भरपाई द्यावी. चारच दिवस, देऊ नये. सहा दिवस उष्णतेचे, पण मधला एक दिवस ४४.९ अंशांचा, देऊ नये. केंद्राचे यंत्र एक दिवस बंद होते, तर काय? आणि उष्णतेची लाट २९ मेला सुरू होऊन २ जूनला संपली, तर काय? हे प्रश्न नियमाच्या कागदात नेहमी स्पष्ट नसतात. चांगली चाचणी लिहायला बसले की ते उघडे पडतात आणि नियम करणाऱ्याला विचारावे लागतात. त्यातच तिचा मोठा उपयोग आहे.

काही वर्षांनी या चाचण्यांची काय अवस्था होते? पहिली गोष्ट नकलेची. ४५ आणि ५ हे आकडे जागोजागी विखुरतात. उपाय, ते एका ठिकाणी आणावेत. मात्र येथे एक सावधगिरी आहे. तो आकडा तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममधूनच उचलून आणू नये. प्रोग्रॅममध्ये चुकून ५४ पडले असेल तर चाचणीही ५४ लाच बरोबर म्हणेल. उत्तरसूची कधी विद्यार्थ्याच्या पेपरावरून तयार करीत नाहीत.

दुसरी गोष्ट अधाशीपणाची. एकच चाचणी अर्ज तपासते, बँक खाते तपासते, तापमान मोजते आणि रकमेचा हिशेबही करते. लाल झाली की नेमके काय बिघडले ते कळत नाही. उपाय, तिचे चार तुकडे करावेत आणि प्रत्येकाला सांगते नाव द्यावे. 'चाचणी सतरा' असे नाव असण्यापेक्षा 'सलग चारच दिवस उष्णता असल्यास भरपाई नाही' असे नाव असावे. वाचणाऱ्याला नियम कळतो आणि बिघाडही कळतो.

तिसरी गोष्ट न सांगता आलेल्या पाहुण्याची. चाचणी आपले तापमानाचे आकडे दूर कोठल्या तरी फाईलमधून घेते. चाचणी वाचून काहीच कळत नाही. एके दिवशी कोणी ती फाईल बदलतो, आणि भलत्याच ठिकाणी लाल खूण उमटते. उपाय सोपा आहे. पाच दिवसांचे पाच आकडे चाचणीतच लिहावेत.

चौथी गोष्ट आजच्या तारखेची. चाचणी यंत्रातल्या चालू तारखेवर विसंबून असेल तर मे महिन्यात हिरवी आणि जूनमध्ये लाल. अशी लहरी चाचणी फार वाईट. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतल्या पोरासारखी तिची गत होते. खरा बिघाड झाला तरी लोक म्हणतात, "ती तशीच आहे, पुन्हा चालवा." तारीख चाचणीने स्वतः ठरवून द्यावी, म्हणजे ती बारमास एकच उत्तर देईल.

हे दोष माझ्या मनचे नाहीत. २००१ साली नेदरलँड्समधील आरी व्हॅन ड्यूर्सन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी केवळ चाचण्यांच्या फेरमांडणीवर एक निबंध सादर केला. चाचण्यांना येणारे अकरा प्रकारचे 'वास' आणि त्यांवरचे सहा उपाय त्यांनी नोंदवले. धान्याच्या कोठीला वास आला की आत काही कुजते आहे हे जसे घरधनिणीला कळते, तसा हा वास. पुढे २००७ साली जेरार्ड मेस्झारोस यांनी या विषयावर एक जाडजूड ग्रंथच लिहिला.

आता हे काम करावे कसे? बाजार समितीत काटा खरा की खोटा हे पाहायचे तर शिक्क्याचे वजन घालून पाहतात. वजनाबद्दल शंका आली तर ते खात्रीच्या काट्यावर ठेवून पाहतात. काटाही संशयाचा आणि वजनही संशयाचे, असे दोन्ही एकदम हातात घेतले तर काहीच कळणार नाही. प्रोग्रॅम हा काटा आणि चाचणी हे वजन समजा. म्हणून पहिला नियम असा की सगळ्या खुणा हिरव्या असतानाच फेरमांडणीला हात घालावा. दुसरा, त्या वेळी प्रोग्रॅमला हात लावू नये. तिसरा, एक लहान बदल करावा, लगेच सगळ्या चाचण्या चालवाव्यात, मग पुढचा बदल.

चौथा नियम पुष्कळ जण विसरतात. फेरमांडणी झाल्यावर हिरवी खूण आली म्हणून समाधान मानू नये. काही न तपासणारी चाचणीही हिरवीच असते. सगळ्यांना पास करणाऱ्या परीक्षकाच्या वर्गात कोणी नापास होत नाही, पण म्हणून मुलांना येते असे थोडेच आहे? यासाठी प्रोग्रॅममध्ये घटकाभर मुद्दाम एक चूक पेरावी. पाचच्या जागी चार करावेत. आता चाचणी लाल झाली पाहिजे. झाली तर राखणदार जागा आहे. नाही झाली तर फेरमांडणीत कोठे तरी दात पडले आहेत. खात्री झाल्यावर पेरलेली चूक काढून टाकावी. अशा मुद्दाम केलेल्या चुकांनी चाचण्या पारखण्याची एक रीतसर शाखाच आहे.

आणि चाचणी काढून टाकायची असेल तर? काढावी, जरूर काढावी. एकाच गोष्टीच्या तीन नकला असतील तर दोन जाऊ द्याव्यात. पण ती कोणी व का लिहिली होती हे कळल्याखेरीज काढू नये. कधी काळी एखाद्या शेतकऱ्याची नोंद अडली होती म्हणूनच ती लिहिली गेलेली असते.

जुनी तपासणी नव्या कामाला पुरी पडते असे धरून चालल्याने काय होते, याचे एक मोठे उदाहरण जगापुढे आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे अग्निबाण-यान दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून निघाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशातच फुटले. यानाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम आधीच्या एरियन-४ मधून घेतलेला होता. तेथे तो चोख चाले. नव्या यानाचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत मावला नाही, आणि यंत्रणाच बंद पडली. चौकशी समितीला आढळले की त्या यंत्रणेची चाचणी नव्या यानाच्या मार्गाचे आकडे घालून झालेलीच नव्हती. यानात माणसे नव्हती, हे भाग्य. चार उपग्रह मात्र गेले.

आपल्याकडे असा स्फोट होत नाही. आपल्याकडे एक अर्ज अडतो. एका बागायतदाराची भरपाई बाजूला पडते. एका मुलीची शिष्यवृत्ती हुकते. आवाज काही होत नाही, म्हणून वरपर्यंत कळत नाही. आणि गाळ काढणारा दिवस कोणाच्या हिशेबात धरला जात नसल्यामुळे कामाच्या घाईत तो पुढे पुढे ढकलला जातो. पंधरवड्याच्या शेवटी दाखवायला नवे काही तरी हवे असते, आणि साफ केलेली चारी दाखवून टाळ्या मिळत नाहीत. म्हणून जाणकार सांगतात की याची वेगळी मोहीम काढू नका. ज्या चाचणीला आज हात लागला तीच आज थोडी साफ करा. रोज उंबरठा झाडणाऱ्या घराला दिवाळीत फार राबावे लागत नाही.

श्रोतेहो, यात आपलाही वाटा आहे. सीमेवरची उदाहरणे पुण्यात बसलेल्या मुलाला ठाऊक नसतात, ती आपल्याला ठाऊक असतात. मेअखेरची लाट जूनमध्ये शिरते हे केळीवाल्याने सांगायचे. नोंद अडली तर नुसते 'चालत नाही' असे म्हणून परत फिरू नका. एका कागदावर तीन ओळी लिहा. आम्ही काय भरले, काय व्हायला हवे होते, आणि काय झाले. दिवस आणि वेळही लिहा, आणि तक्रारीला तो कागद जोडा. त्या तीन ओळी म्हणजे तयार टेस्ट केसच आहे. लिहिणारा प्रामाणिक असेल तर ती शिदोरीत जाऊन बसेल आणि पुढच्या माणसाची नोंद अडणार नाही.

शिक्षक मित्रांना एक छोटा प्रयोग सुचवतो. संगणक नसला तरी चालेल, फळा पुरे. पास-नापासचा नियम फळ्यावर लिहा आणि मुलांना त्याच्या दहा चाचण्या वहीत लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी पस्तीसचे चाळीस करा आणि विचारा, कोणाला किती ओळी खोडाव्या लागल्या? ज्याने आकडा एकदाच लिहून ठेवला त्याची वही स्वच्छ राहील, आणि बाकीची मुले त्याच्या वहीत डोकावून का ते शोधतील. तेथून पुढचे शिकवायला आपण समर्थ आहातच.